बाईंचं वावर

शेतीपासून सुटका व्हावी म्हणून मी नोकरी धरली, आणि पहिल्याच नेमणुकीत राहायला गेले ती थेट एका शेताच्या खाली. आदिलाबादेत आमच्याच शाळेतल्या एका बाईंनी मला त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्या. खोल्या दाखवताना त्यांनी नळ दाखवला, मोरी दाखवली आणि मग छताकडं बोट करून म्हणाल्या, "वर माहं वावर हाय. पावसाळ्यात जरासं गळते, तेवढं चालवून घे." वावर म्हणजे शेत, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. ते छतावर कसं असेल हे मात्र मी त्या दिवशी विचारलं नाही. सामान लावायचं होतं.

वर गेल्यावर दिसलं ते असं: तेलाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या, कान तुटलेली घमेली, कापसाच्या जिनिंगमधून मागून आणलेली बारदानं, आणि या सगळ्यांत माती आणि मातीत काही ना काही हिरवं. वांगी, मिरच्या, अंबाडी, कठड्यावर चढवलेला दोडका. माझ्यासारखी म्हणाली असती, छतावर जरा भाजीपाला लावलाय. बाई तसं कधी म्हणाल्या नाहीत. जिन्याच्या चौदा-पंधरा पायऱ्या चढायच्या तरी "वावरात जाऊन येते" असंच सांगून निघायच्या. कुणी भेटायला आलं की त्यांचे मिस्टर ओट्यावरून शांतपणे सांगत, "बाई वावरात गेल्या." एकदा उटनूरहून आलेल्या एका पाहुण्यांनी हे ऐकून विचारलं, किती लांब आहे, बस मिळते का. ते दोन कप चहा पिऊन, वाट पाहून निघून गेले. बाई सबंध वेळ त्यांच्या डोक्यावर मिरच्या खुरपत होत्या.

शाळेत या बाईंना सगळे टरकून असत. मराठी आणि इतिहास शिकवायच्या. इस्त्रीची सुती साडी, स्वच्छ पुस्तकी मराठी, आणि वर्गाच्या दारात नुसत्या उभ्या राहिल्या तरी शेवटच्या बाकापर्यंत शांतता. पण घरी आल्या, साडी खोचली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की भाषा बदलायची. मग त्या सरळ आपल्या गावच्या व्हायच्या. हे गाव भैंशाच्या बाजूला, महाराष्ट्राच्या हद्दीला टेकलेलं. बाई बौद्ध. त्यांच्या घरात कुणाच्याही नावावर कधी वीतभर जमीन नव्हती, पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या वावरात राबलेले लोक. माझं गाव तिथून जवळच. आमच्या घरी कापसा-ज्वारीची बरी जमीन होती आणि मला तिचा मनापासून कंटाळा होता. हे बाईंना अजिबात पटत नसे. मला शेपू आणि बडीशेपेचं रोप वेगळं ओळखता येत नाही म्हटल्यावर त्या माझ्याकडं कीव आल्यासारख्या पाहत राहिल्या. "तुमी जमीनवाले लोक," त्या म्हणाल्या, "तुमाले काय गरज ओळखायची."

वावरातली माती त्यांनी बसनं आणली होती. साधीसुधी नाही, गावाकडची काळी. आदिलाबादेत माती मिळत नाही असं नव्हे, पण बाईंचं म्हणणं, माती म्हणजे एकच, ज्या मातीत त्यांच्या मायची जिंदगी गेली ती. सुट्टीला गावी गेल्या की येताना पोतं भरून यायचं. एका कंडक्टरनं पोतं दाबून पाहिलं आणि विचारलं, "अम्मा, क्या है इसमें?" "मिट्टी." "आदिलाबाद में मिट्टी नहीं है क्या?" बाई म्हणाल्या, "है. पर ये मेरी पहचान की है." कंडक्टरनं पोत्याचं तिकीट फाडून दिलं आणि पोत्याला जागाही करून दिली.

आता काळ्या मातीचा स्वभाव कुणाला ठाऊक नाही? पाऊस पडला की ती फुगते, ऊन लागलं की आक्रसते. शिवारात तिला फुगायला सगळं रान मोकळं असतं. तेलाच्या डब्यात ती कुठं जाणार? पहिल्या पावसाळ्यात डब्यांचे सांधे उकलले. कुंड्या तर अशा तडकल्या की मी खाली दचकून उठले. उन्हाळ्यात तीच माती डब्याच्या कडा सोडून मधोमध विटेसारखी उभी, आणि भेगा अशा की बाईंची पेन्सिल एकीत गेली ती परत आली नाही. साहेबांनी, म्हणजे बाईंच्या मिस्टरांनी, सुचवलं की थोडी रेती मिसळू, थोडं शेणखत घालू. साहेब सरकारी कचेरीत कारकून. आवाज कधी चढला नाही असा माणूस. बाई म्हणाल्या, "रेती? वावरात रेती टाकत असते का कोनी? घर बांधून राह्यलो का आपन?"

मग साहेबांनी तोड काढली. बाईंची शाळा सकाळची असली की हे धोतर खोचून वर. पिशवीभर रेती, घमेलंभर कुजकं शेण, एकेक डबा उलटा करून कालवायचा, रोप पुन्हा होतं तसं बसवायचं, वरून काळ्या मातीचा एक थर पसरायचा आणि आंघोळ करून ओट्यावर पेपर वाचत बसायचं. महिन्याभरात वांग्यांनी अंग धरलं. बाई अख्ख्या गल्लीला बोलावून दाखवू लागल्या. "पाह्यलं? हे भैंशाकडची माती. तुमच्या आदिलाबादच्या मातीत होईन का असं?" साहेब मान डोलावून म्हणायचे, "मातीचाच गुण." हे गुपित त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मला एकदा जिन्यात रेतीची पिशवी घेऊन सापडले, तेव्हा फक्त बोट ओठांवर ठेवलं.

बाकी या वावराचा खरा भोगवटा माझ्याकडं होता. वर पाणी दिलं की दुपारपर्यंत ते माझ्या खाटेवर उतरे. मी खाट सरकवायची, पाणीही सरकायचं. शेवटी मी खोलीत एक पातेलं ठेवलं आणि तक्रार करायला गेले. बाईंनी ऐकून घेतलं, खोलीत येऊन पातेल्यात वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे पानी फेकत नको जाऊ. कोथिंबिरीले दे." म्हणजे माझ्या खोलीतून पाणी भरून मी पुन्हा वर न्यायचं आणि ते पुन्हा खाली येणार. साहेबांनी पुढं छतावर डांबर लावलं म्हणून, नाही तर मी जन्मभर तेच करत बसले असते.

झाडांशी त्यांची वागणूक वर्गातल्या मुलांसारखीच. मृगात बी टाकताना सूचना, पोळ्याच्या सुमारास तोंडी परीक्षा. "दोडक्या, नुसती फुलं दाखवू नको, फळ दाखव." एका भोपळ्यानं सबंध पावसाळा वेल पसरण्यात घालवला, तर त्याचा डबा उचलून जिन्याजवळ एकटा नेऊन ठेवला. वर्गाबाहेर उभं करणं ते हेच. थंडीत आदिलाबादेत हाडं वाजतात. तेव्हा मेथी-कोथिंबिरीवर रात्री साहेबांची जुनी धोतरं अंथरली जायची. उन्हाळ्यात छताचा तवा झाला की दोऱ्या बांधून त्यांवर बाईंच्या साड्या, आणि त्यांच्या सावलीत तग धरून राहिलेल्या चार मिरच्या. त्या दिवसांत नळाला पाणी येईल तेव्हा आधी वावर, मग माणसं. साहेबांना कचेरीत जायचं असलं तरी आधी वावर.

एका वर्षी त्यांनी छतावर ज्वारी पेरली. मी म्हटलं, बाई, ज्वारी कुणी छतावर लावतं का? तर म्हणाल्या, "ज्वारी नाई ते वावर कायचं? नुसती वांगी लावायले मी काय माळीन हाय?" बारदानांत ज्वारी उभी राहिली, कणसं आली, दाणा दुधावर आला आणि राघू उतरले. बाईंनी ट्रंकेतून गोफण काढली. लहानपणी त्या पाटलाच्या रानात राखणीला बसायच्या, हात अजून गेला नव्हता. इस्त्रीची साडी नेसलेल्या शिक्षिका पाण्याच्या टाकीवर उभ्या राहून गोफण फिरवतायत, हे पाहायला समोरच्या टेलरनं मशीन थांबवलं. पहिलं ढेकूळ राघूंवरून गेलं आणि शेजारच्या तेलुगू अम्मांच्या छतावर, वाळत घातलेल्या सांडग्यांच्या मधोमध पडलं. अम्मा फार सभ्य बाई. ढेकूळ हातात घेऊन जिना उतरल्या, आमचा जिना चढून आल्या आणि विचारलं, "टीचरम्मा, ई मट्टी मीदेना?" ही माती तुमचीच का? बाईंनी ढेकूळ हातात घेऊन, बोटांनी चुरून पाहिलं. "आमचीच हाय," त्या म्हणाल्या, "बरं झालं आनून देली." आणि ते परत डब्यात घातलं. अम्मांना त्या वर्षीचा पहिला हुरडा गेला. मग सगळ्या स्टाफला हुरड्याचं आमंत्रण. गोवऱ्यांची आगटी छतावरच. कणसं मोजकी आणि खाणारे पुष्कळ, माणशी चिमूटभर आला. हेडमास्तरांनी तळहात चाटून विचारलं, "अजून आहे का?" बाई म्हणाल्या, "पेरलं तेवढं उगवलं, सर."

इतका सगळा खटाटोप कशासाठी, हे मला हळूहळू कळलं. बाईंची माय गावात एकटी राहायची. सत्तरी कधीच ओलांडलेली, पण कापूस फुटला की वेचणीला दुसऱ्याच्या वावरात जायची म्हणजे जायचीच. एका वर्षी सरीत पडली आणि संध्याकाळी बाया घरी निघेपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नाही. बाईंनी तिला किती वेळा आणलं. चार दिवस राहायची, पाचव्या दिवशी गाठोडं बांधायची. "इथं काय करू? बसून खाऊ? मले वावर लागते." बाई एकदा मला म्हणाल्या, "मास्तरकी केली, घर बांधलं, पोरं शिकवली. पन बुढीले वावर नाई देऊ शकली. घेतो म्हनलं तर आपल्या ऐपतीतली जमीन कोनी इकत नाई, अन इकली तर चांगली इकत नाई." मग त्यांनी होती ती जागा पाहिली. जागा घरावर होती.

एका कार्तिकात बाई मायला घेऊन आल्या; वावर झाल्यापासून ती पहिल्यांदाच येत होती. माय गुडघ्यांवर हात देत जिना चढली. बाई पुढं, मधे माय, मागं साहेब आणि मी. वर जाऊन माय एकेका डब्यापुढं थांबली. वांग्याचं पान उलटून पाहिलं, मिरचीच्या बुडाशी बोट खुपसलं. चेहऱ्यावरून काही कळेना. शेवटी विचारलं, "कोनाचं हाय?" बाई पुढं सरकून म्हणाल्या, "आपलं हाय, माय." माय "बरं" म्हणाली आणि खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात दात घासत होते. माय समोर येऊन उभी राहिली, पायरीच्या खाली, पदर सावरून. "बाई, दोन वांगी तोडू का?" माझ्या तोंडात पेस्ट. मी मान हलवली. तिला वाटलं, तोडा म्हणाले. तोडून आणली आणि मला दाखवली, दोनच आहेत म्हणून. दुपारी मी विचारलं, माय, मला कशाला विचारता? ती म्हणाली, "तुमचंच वावर ना, बाई? शांतेनं बटईनं केलं असन."

शांता म्हणजे आमच्या बाई, आणि बटई म्हणजे दुसऱ्याचं शेत वाट्यानं कसणं. मायचा हिशेब सरळ होता. लेकीनं सांगितलेलं, मागं राहते ती अमक्या गावच्या जमीनवाल्याची पोर. घरावर वावर, घरात जमीनवाली. मग वावर कुणाचं? जमीनवालीचं. तिच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत याच्या उलट कधी घडलं नव्हतं. मी बाईंना हाक मारली. बाई आल्या, ऐकलं आणि शाळेच्या आवाजात बोलायला लागल्या. "माय, घर माहं हाय. हे पोरगी भाडेकरू हाय माही. हे मले भाडं देते." माय माझ्याकडं पाहून ओशाळवाणं हसली. जमीनवाल्याची पोर आपल्याला भाडं देते, हे आपल्या लेकीनं माझ्या तोंडावर बोलावं, याची तिलाच लाज वाटली. "असं बोलू नाई, शांते," ती हळूच म्हणाली.

मग बाईंनी छतावर आम्हा सगळ्यांना उभं केलं. मी शपथेवर सांगितलं की वावर माझं नाही. साहेबांनीही साक्ष दिली, पण जन्माच्या सवयीनं जोडून गेले, "बाकायदा पाहिलं तर नोंदीत हे छत आहे." बाईंनी त्यांना खाली पाठवलं. मायनं सगळं ऐकून घेतलं, "बरं, बाई" म्हणाली, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा माझ्या पायरीखाली. "मिरच्या तोडू का?" बाईंनी मला तंबी दिली, खबरदार "तोडा" म्हणशील तर. मी म्हणेना, माय तोडेना, आणि बाई जिद्दीला पेटलेल्या, त्याही तोडेनात. वांगी झाडावर पिवळी पडली. घरात वावर असताना साहेब बाजारातून वांगी आणू लागले.

आठवड्यानं मायनं गाठोडं बांधलं. गावाकडं वेचणी लागली होती. बाईंनी समजावलं, रागावल्या, रडल्यासुद्धा. माय म्हणाली, "लेकीच्या घरी किती दिवस बसून खाऊ? जातो." पण तेव्हा आदिलाबादेत काही ना काही कारणानं बंद व्हायचेच. नेमका बंद झाला आणि बस निघेना. रिकामं बसणं मायच्या रक्तात नव्हतं. छतावर एक फुटकं टोपलं पालथं पडलं होतं, कुणाच्याच कामाचं नसलेलं. तिनं ते उताणं केलं, इकडची-तिकडची सांडलेली माती गोळा करून भरली आणि पदराची गाठ सोडून त्यातले धणे तळव्यानं रगडून पेरले. धणे तिनं भाजीसाठी गावाहून आणले होते. विचारलं कुणालाच नाही. टोपलं टाकलेलं, माती सांडलेली आणि बी तिचं, मग विचारायचं कोणाला?

बंद संपला. बाई म्हणाल्या, चल, स्टँडवर सोडते. माय म्हणाली, "उगवू दे एवढं, मंग जातो." उगवलं. "दोन पानं फुटू दे." पानं फुटली. मग ती सकाळी वर जायची ती उन्हं चढेपर्यंत उतरायची नाही. टोपल्याला पाणी दिल्यावर शेजारच्या डब्याला दोन ओंजळी जायच्या, मग त्याच्या शेजारच्या. बाई बोलल्या काही नाहीत. बोललं तर बिघडेल, एवढी समज त्यांच्यासारख्या बोलक्या बाईलाही आली होती.

एका रविवारी मी पोहे टाकले आणि कोथिंबीर आणायला वर धावले. इतक्या दिवसांची सवय, हाताला लागली ती मूठभर उपटली.

"काऊन वं?"

मी वळून पाहिलं. माय टाकीच्या सावलीत बसली होती. उठून, गुडघ्यांवर हात न देता, सरळ माझ्यासमोर आली.

"कोनाले इचारून तोडली?"

मी मदतीसाठी बाईंकडं पाहिलं. त्या जिन्याच्या तोंडाशी बादली घेऊन उभ्या होत्या. सगळी शाळा जिला घाबरते ती बाई, तोंडावर पदर दाबून, रडते का हसते ते कळू नये अशी. मला त्यांनी काहीही मदत केली नाही.

"चुकलं, माय," मी म्हणाले.

"चुकलं म्हंजे? उपटत असते का असं? शेंडा खुडाव, मूळ राहू द्याव. तुह्या बापाची जमीन हाय का, आली अन उपटून नेली?" मग माझा उतरलेला चेहरा पाहून आवाज थोडा खाली आला. "ने आता. अन उद्यापासून इचारून नेत जाय."

माझे पोहे खाली करपले. मला आयुष्यात पुष्कळ जणांनी झापलं आहे, हेडमास्तरांनी, नवऱ्यानं, माझ्या स्वतःच्या मुलांनी. पण कुणी झापल्यावर इतका आनंद मला पुन्हा झाला नाही. पुढं माझी उटनूरला बदली झाली, काही वर्षांनी आधी माय गेली, मग बाईही गेल्या. त्या छतावर आता खोल्या झाल्या आहेत असं ऐकते. बाईंची आठवण आली की मला त्यांचा वर्ग आठवत नाही, जिन्याच्या तोंडाशी बादली धरून उभा राहिलेला तो चेहरा आठवतो.

त्या वर्षी कापसाची वेचणी माघापर्यंत चालली. गावाहून दोनदा निरोप आला, बाया कमी पडतात, म्हातारीला पाठवा. दोन्ही वेळा मायनंच ओट्यावर येऊन निरोप्याला सांगितलं, "नाई जमत. माह्या वावरात काम हाय."